पुण्यासाठी ठेवलेला मिक्सर

आमच्या घरात गॅसजवळ एक वाटी असायची. तिच्यात जळक्या काड्या. एक बर्नर पेटलेला असेल तर दुसऱ्यासाठी नवी काडी ओढायची नाही. जळकी काडी पहिल्या ज्योतीवर धरायची आणि तिने दुसरा पेटवायचा. हा बाबांचा नियम होता आणि तो कुणी मोडत नसे.

बाबा रेल्वेत इंजिनियर होते. नोकरीची बहुतेक वर्षं लखनौला, मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत गेली. निवृत्तीच्या थोडं आधी त्यांनी प्रॉव्हिडंट फंडातला मोठा हिस्सा घालून पुण्यात फ्लॅट घेतला. कॉलनीतली मराठी घरं बहुधा हेच करत. नोकरी लखनौत, घर पुण्यात, आणि रिटायर झालं की तिकडे. जागा आईने निवडली होती, कारण तिची धाकटी बहीण दोन गल्ल्या पलीकडे राहायची. फ्लॅट बघायला गेलो तेव्हा दोघी बाल्कनीतून मावशीचं घर दिसतं का ते शोधत होत्या. घर दिसत नव्हतं, गच्चीवरची निळी टाकी दिसत होती.

"पुरे आहे," आई म्हणाली.

निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागलं. लखनौतच, तेलीबागेत दुसऱ्या मजल्यावर घर भाड्याने घेतलं, तात्पुरतं. आधी माझं लग्न व्हायचं होतं. ते झालं, मी शहराच्या दुसऱ्या टोकाला गोमती नगरला राहायला गेले. मग बाबांना इथलं रेल्वेचं हॉस्पिटल ओळखीचं वाटू लागलं. मग नुसतंच राहिलं. पुण्याचा फ्लॅट भाड्याने द्यायचा नव्हता, कारण भाडेकरू भिंतींना खिळे ठोकतात. त्यामुळे तेलीबागेचं भाडं जात होतं आणि पुण्याच्या बंद घराचा मेंटेनन्सही जात होता. त्याबद्दल घरात कधी बोलणं झाल्याचं मला आठवत नाही. बोलणं काड्यांवरून व्हायचं. पाण्याच्या फिल्टरमधून वाया जाणारं पाणी बादलीत धरलं की नाही, यावरून व्हायचं.

सब्जीवाल्याशीही बाबांचं रोजचं ठरलेलं होतं.

"भैया, धनिया तो डालिए."

"बाबूजी, धनिया रोज मुफ्त में लेते हैं, एक दिन दुकान भी ले जाइए."

"दुकान का किराया कौन देगा?" बाबा म्हणायचे, आणि दोघं हसायचे.

घरात येणारी प्रत्येक चांगली वस्तू पुण्यासाठी असे. नव्या चादरी, काचेचा डिनर सेट. एका दिवाळीत मिक्सर घेतला, तोही खोक्यासकट पुण्याला नेऊन ठेवला. तेलीबागेतल्या मिक्सरचं झाकण तुटलेलं होतं. आई एका हाताने ते दाबून धरायची आणि दुसऱ्या हाताने बटण फिरवायची. ओट्यामागच्या टाइल्सवर चटणीचे ठिपके कायम असत. पुण्यातल्या मिक्सरची वॉरंटी खोक्यातच संपली.

एका हिवाळ्यात मावशी आजारी पडली. हॉस्पिटलमध्ये ठेवलं, तेव्हा आईने पहिल्यांदा स्पष्ट विचारलं.

"अहो, मला जायचंय. कधी निघायचं?"

"पासवर रिझर्वेशन टाकलंय. वेटिंग आहे, होईल."

निवृत्त माणसाला रेल्वेचे ठरावीक फुकट पास मिळतात. बाबांनी आयुष्यात तिकिटाला पैसे घातले नव्हते. त्या रविवारी मी तिथेच होते. विमानाचं तिकीट काढते, असं मी म्हटलं आणि फोन हातात घेतला.

"पास असताना विमान?" बाबा म्हणाले. "अगं, दोन-चार दिवसांचा तर प्रश्न आहे."

"रहने दे," आई मला म्हणाली. बाबांसमोर माझ्याशी बोलताना विषय संपवायचा असला की ती हिंदीत बोलायची.

बाबा रोज सकाळी चहा घेताना फोनवर वेटिंगचा आकडा बघत. तो उतरत होता आणि उतरला की ते आईला सांगत. रिझर्वेशन कन्फर्म होण्याआधी मावशी गेली. आम्ही तिघं पासवरच गेलो आणि तेराव्याला पोचलो.

मावशीकडून निघून संध्याकाळी फ्लॅट उघडला. घराला बंद कपाटाचा वास होता. पंख्यांवरचं प्लास्टिक तसंच होतं. नळ आधी खरखरला, मग लाल पाणी आलं. शेजारून दूध आणून आईने नव्या पातेल्यात चहा टाकला. बाबांनी काडी ओढली, एक बर्नर पेटवला आणि जळकी काडी ठेवायला वाटी शोधू लागले. वाटी नव्हती. त्यांनी ती काडी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली.

आई कप घेऊन बाल्कनीत गेली. टाकी दिसत होती. चहा संपेपर्यंत ती तिथे उभी राहिली, मग आत आली.

"तो मिक्सर बांधून घ्या," ती म्हणाली. "तेलीबागेत लावू."

"मग इथे आल्यावर काय वापरणार?"

"इथे कोण येणारे?"

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मी कप विसळायला घेतले.

परतीच्या गाडीत मिक्सरचं खोकं आईच्या बर्थखाली होतं. तेलीबागेत पोचल्यावर तिने त्याच दिवशी तो ओट्यावर ठेवला आणि जुना बाल्कनीत काढून टाकला. बाबांनी रिकामं खोकं उलगडून सपाट केलं. थर्मोकोलचे तुकडे एका पिशवीत भरले आणि दोन्ही दिवाणाखाली सरकवलं.

"पुण्याला परत नेताना लागेल," ते म्हणाले.

आईने भांड्यात खोबरं आणि मिरच्या घातल्या, झाकण लावलं आणि बटण फिरवलं. झाकण धरावं लागत नव्हतं. तरी तिचा हात त्यावर होता.