हळू वाजणारी घंटा

त्या घंटेचा आवाज माझ्या कानांतून अजून पुरता गेलेला नाही.

साठच्या दशकात अकोल्याजवळच्या एका तेलगिरणीत सरकीच्या पेंडीत उरलेले तेल काढायला पेट्रोलसारखा एक द्रव वापरत. त्याची वाफ खोलीत साचली, भडका उडाला आणि आतला म्हातारा कामगार भाजला. ठाण्यावर निनावी चिठ्ठी आली : वायरमनने घंटेची मुद्दाम वाईट जोडणी केली. फौजदार म्हणून मी नवीन होते. पंचनाम्याच्या वेळी भिंतींना गोडसर, भोवळ आणणारा वास होता. जप्त करण्याजोगे थोडेच सापडले : बाहेरून आत इशारा देणारी काजळलेली घंटा, तिची तार आणि चार सेल.

"बाईसाहेब," हवालदार हसले, "याच्यानं बिडी तरी पेटते का? अन् म्हणे गिरणी पेटली!"

मलाही तेच वाटत होते. उलट सांगत होता तो फक्त आरोपी. तिशीतला हा वायरमन चांद्याच्या कोळसाखाणीत काम शिकला होता. कोठडीत कागद मागून त्याने घंटेच्या जोडणीचा नकाशा काढून दाखवला.

"घंटा वाजते तवा आत बारीक ठिणगी पडतेच, बाई. वाफ भरली असन तर तेवढी बी पुरते. म्हून म्या मधात हे रेझिस्टन्सचं वेटोळं टाकलं. वीजच इतकी कमी जाते का तार तुटो नाहीतर चिकटो, ठिणगीत पेटवाचा जोर राहात नाही."

"मग आग लागली कशी?"

"मले नाही समजून राहिलं. पण माहा नकाशा बरोबर आहे."

स्वतःला निर्दोष म्हणवणारा माणूसच ठिणगीची साक्ष देत होता. माझा गोंधळ वाढला. दुसऱ्या दिवशी त्याला मॅजिस्ट्रेटसमोर उभे करायचे होते. गुन्हा शाबीत झाला असता तर त्याची उमेदीची वर्षे तुरुंगात गेली असती.

त्याच दुपारी पंचांसमोर मी ती घंटा जोडून वाजवली. ठाणे दणाणले. कोठडीतून तो ओरडला, "हे माही घंटा नाही! माही तर पैंजणावानी वाजे. कोनं तार काढली?"

मी नकाशा आणि मुद्देमाल शेजारी ठेवले. कागदावरचे वेटोळे घंटेवर नव्हते. त्या जागी दोन टोके पिळून जोडलेली होती.

इस्पितळात भाजलेल्या कामगाराला मी तीनदा विचारले, वेटोळे कोणी काढले. तो छताकडे पाहत राहिला. काही लपवतो आहे असे समजून मी स्वर कडक केला. तो तसाच. शेवटी उशीशी वाकले, तेव्हा मलमाच्या वासातून क्षीण शब्द आले, "या कानात बोल, माय."

मी पुन्हा विचारले.

"कापसाच्या जिनिंगच्या धडधडीत कान गेले. त्याची घंटा मले आयकूच ये ना. बहिरा हाय म्हटलं असतं तर कामावर कोनं ठेवलं असतं? म्हून म्याच ते वेटोळं काढलं. मंग चांगली वाजे."

वायरमनला सोडताना मी हे सांगितले. तो संतापेल असे वाटले होते. त्याने एवढेच विचारले, "किती जवळून बोलल्यावर आयकू आलं त्याले?"

"वीतभर."

त्याने पंजा पसरला आणि अंगठ्यापासून करंगळीपर्यंतचे ते अंतर पाहत उभा राहिला. त्याच्या नकाशात सगळी मापे होती, हे नव्हते.

अहवालात आरोपीच्या नावाचा रकाना मी कितीतरी दिवस कोरा ठेवला. तिथे काय लिहायला हवे होते, हे मला आजही नीट सांगता येत नाही. एवढे मात्र झाले : पुढच्या सगळ्या नोकरीत समोरचा माणूस गप्प राहिला, की आवाज चढवण्याआधी मी खुर्ची त्याच्याजवळ ओढून घेत असे.