थांब, पाय धुते

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमचं घर बौद्ध. छप्पन सालानंतर बाबांनी देव्हारा काढला आणि त्याच्याबरोबर अंगात येणं, उतारे, अंगारे-धुपारे सगळंच घराबाहेर गेलं. गावात कुणी म्हणालं की विहिरीपाशी बाई दिसली, तर बाबा विचारायचे, "मंग घागर उचलून दिली का न्हाय तिला?" अशा माणसाचा मी मुलगा. त्यामुळे या सदरातले अनुभव वाचून मी आजवर फक्त हसत आलोय. आता हसायची पाळी तुमची…

आम्ही कर्जतजवळच्या कडावचे. बाबा माथेरानला हातरिक्षा ओढायचे. सीझनभर वर असायचे, मधूनच एखाद्या दिवसासाठी घरी यायचे. पावसात तिकडची हॉटेलं बंद झाली की भाताच्या लावणीसाठी खाली यायचे. डोंगर उतरून आले की पाय गुडघ्यापर्यंत लाल. माथेरानची मातीच तशी, एकदा चिकटली की लवकर सुटत नाही.

ते पाय धुवायचा मान माझ्या धाकट्या बहिणीचा, सुगंधाचा. ती जन्मापासून मुकी-बहिरी. डॉक्टरांनी तिच्या कानामागे थाळी वाजवून पाहिली होती, तिची पापणीसुद्धा हलली नव्हती. पण घराचा उंबरा पूर्ण तिच्या ताब्यात! बाबाच काय, आई शेतावरून येवो की मी शाळेतून, ही दारात हजर. उजव्या हातात तांब्या आणि डावा पंजा आपल्यासमोर उभा धरलेला. म्हणजे थांब. मग खाली बसून पाय चोळून धुवायची आणि शेवटी घोट्यावर एक चापट मारायची. म्हणजे जा आता आत. एकदा सरपंचांनाही तिने असंच अडवलं होतं, आणि ते बिचारे निमूट उभे राहिले होते.

आठ वर्षांची होऊन ती तापाने गेली. साठ-बासष्टचा सुमार असेल. त्याबद्दल जास्त लिहवत नाही. त्यानंतर बाबा कित्येक महिने मागच्या दारानेच ये-जा करायचे, एवढंच सांगतो.

पुढे मी खालापूरकडे, कुंभिवलीच्या बाजूला एका कारखान्यात लागलो. लग्न झालं. तोवर सत्तरचं दशक संपत आलं होतं, बाबांनी रिक्षा सोडली होती. पावसाळ्यातल्या एका रविवारी आम्ही सगळे दुपारी जेवायला बसलो होतो आणि माझ्या बायकोने आईला सहज विचारलं, "आत्या, वन्सं कधीच काही बोलल्या नाहीत का हो?"

घरात सुगंधाचं नाव कुणी काढत नाही, हे नव्या सुनेला कुठून ठाऊक असणार?

आईची भाकरी हातातच राहिली. "बोलली ना. एकदा. माझ्याशी."

मला वाटलं, आई काहीतरी मनाचं सांगतेय.

"मी एकलीच हुते. शेतावनं आले तर दारात उभी. आन् मला म्हनली, थांब, पाय धुते. तोंडानं म्हनली! मी कुनाला सांगितलं नाय. तुमी मला याडी म्हनला असता."

 पण ही आठवण तर माझी होती! मी शाळेतून आलोय, घरात कुणी नाही, सुगंधा दारात उभी आहे, आणि जरासा घोगरा, नाकातून येणारा आवाज — "थांब, पाय धुते." मी हे बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. मी बाबांकडे पाहिलं, तर ते रडत होते.

"मला म्हनली हुती ती," बाबा म्हणाले. "तुला कसं ठावं?"

मग मीही बोललो. तिघांकडे तेच शब्द, तोच घोगरा आवाज, आणि प्रत्येकाच्या आठवणीत त्या वेळी घरात दुसरं कुणीच नाही.

तुम्हाला वाटेल, आम्ही गळ्यात गळा घालून रडलो असू. छे! आई भडकली. "तुमी वर माथेरानला, ह्यो शाळंत. पोर दिसभर माझ्यापाशी. एक शबुद दिला तिनं मला, त्यो बी वाटून घेताय?" ती ताटावरून उठून गेली. जेवणं तशीच राहिली.

आता विचार करा. जिने आयुष्यात शब्द ऐकलाच नाही, ती असं स्वच्छ वाक्य बोलेल कशी? म्हणजे आठवण खोटी. पण एकमेकांना कधीही न सांगता तिघांना एकच खोटी आठवण?

आमच्या कारखान्यात येणाऱ्या डॉक्टरांना मी विचारलं. भला माणूस, हसले नाहीत. म्हणाले, "तिच्या हाताची खूण तुम्ही रोज बघत होता आणि मनात त्याचे शब्द करत होता. ती गेल्यावर खूण पुसट झाली, शब्द तेवढे उरले." मला पटलं, थोडं हायसंही वाटलं. मग त्यांनी विचारलं, "आठवणीत तुमचे पाय कसे दिसतात?"

"लाल," मी म्हणालो… आणि बाबांच्या पायांच्या माथेरानच्या मातीचं त्यांना सांगता सांगता चमकलो. शाळेतून येताना माझे पाय लाल कसे असतील?

"बघा! मूळ आठवण वडिलांची," डॉक्टर म्हणाले. "ते कधीतरी झोपेत बडबडले असतील, तुम्ही ती उचललीत."

घरी जाऊन आईला विचारलं. ती म्हणाली, "लाल हुतं. पार गुडघ्यापतोर." आई जन्मात माथेरान चढली नव्हती. म्हणजे डॉक्टरांचं बरोबर होतं. उरले बाबा. त्यांनाही विचारलं.

"माझं पाय? काळं. लावणीचा चिखल हुता."

म्हणजे मूळ आठवण बाबांचीही नव्हती. 

त्या संध्याकाळी बाबा आईजवळ जाऊन बसले. "अगं, मला कुटली ती बोलतेय? मीच सपान बघितलं आसंल. तुलाच बोलली ती." साफ खोटं बोलत होते, चेहऱ्यावर दिसत होतं. आईने मान फिरवली.

पुढल्या वर्षी बाबा गेले. त्यानंतर एके दिवशी आई भात पाखडत होती. मध्येच सूप खाली ठेवून म्हणाली, "तुमी दोगांनी सांगितल्यापासनं मला ती ऐकूच येईना रं. हात दिसतो, तोंड हालताना दिसतं… आवाज नाय. तू म्हन की एकदा. ती म्हनायची तसं."

 माझ्या कानात आहे अगदी तसा आवाज काढून म्हणालो. आईने डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली.

"नाय रं. आसा नव्हता."

पुन्हा म्हणून पाहिलं. पुन्हा नाही. शेवटी तिने सूप उचललं.

यामागचं लॉजिक मला आजही सापडलेलं नाही. वाचकांपैकी कुणाला सुचलं तर जरूर लिहा, मी हसणार नाही. त्यानंतर आईने एकदाच विचारलं, "तुला तरी येती का रं ऐकू?"

मी म्हणालो, "नाय गं आये. मला बी नाय येत."

मला ती रोज ऐकू येते.