झुल्यावर पास झालेला जावई

माहा नवरा घनश्याम नेवीत होता, पण जहाजावर थो कधी चढला नाई. हे समजल्यावर गाव त्याले फिदीफिदी हासलं. किनाऱ्यावरच्या एका मोठ्या खोलीत त्याची नोकरी. तिथी हेलिकॉप्टरची नुसती केबिन, अन् समोर पडद्यावर डोलणारं जहाज. पायलट त्या जहाजावर उतरे, आपटे, मरे. घनश्याम बटन दाबे अन् पायलट पुन्हा जिवंत. किती वाऱ्यात, किती लाटेत उतरता येते, हे पहिले असं खोलीत पाहायचं. मग खऱ्या जहाजावर जायचं, तेही शांत समुद्रापासून हळूहळू वाढवत.

२००२ मध्ये थो मूल शहराजवळ आमच्या गावी परत आला. आमी ढिवर, मासे धरणारे. आमच्या गावात लग्नाआधी जावयानं सासऱ्याच्या डोंग्यात, लहान नावेत, उभं राहून जाळं फेकून दाखवा लागते. माही नणंद मेली तेव्हापासून तिची पोरगी पायल मीच वाढवली. तिनं माजरीच्या कोळसा खाणीतला भूपेश पसंत केला. पोट्टा गुणाचा, पण पाण्याले भेणारा. पायलचा बाप झिंगूभाऊ म्हणे, "जाळं नाई फेकलं तं पोरगी नाई." तलावाची मच्छीमार सोसायटी झिंगूभाऊच्या हाती, म्हणून त्याच्यासमोर कोणी तोंड उघडत नसे.

घनश्यामच्या डोक्यात त्याची थे खोली आली. त्यानं आंब्याले जुना डोंगा झुल्यासारखा टांगला, खाली धानाची तनस पसरली अन् दोर हालवाले मले उभं केलं. भूपेश पडे, हासे, पुन्हा चढे. काही दिवसांत थो जाळं असं गोल फेकाले लागला का पायल पाहतच राहे. घनश्याम तं साऱ्या गावात सांगत सुटला, "पास झाला पोट्टा."

थेच नडलं. झिंगूभाऊनं भर वाऱ्याच्या दिवशी तलावाच्या मधात फेक म्हटलं. घनश्यामनं हात जोडले. "भाऊ, आज नोको. पहिले काठाजवळ, कमरेइतक्या पाण्यात होऊ द्या. झुल्यावर पास म्हणजे पाण्यात पास नाई."

"काऊन? तूच तं पास केला. का तुह्या सरकारी खेळासारखा हाही खोटाच?"

काठावरचे सारे हासले. भूपेशले लाज वाटली अन् थो डोंग्यात चढला.

झुल्यावर जाळं कोरडं राहे. इथी भिजलेलं जाळं शिशाच्या गोळ्यांनी खाली गेलं, अन् त्याची दोरी रीतीप्रमाणं भूपेशच्या मनगटाले बांधली होती. वाऱ्यानं डोंगा फिरला, दोरीनं पोट्ट्याले ओढलं. थो जाळ्यावरच पडला. जेवढे हातपाय मारे, तेवढा गुंते.

घनश्याम अन् शेजारच्या नानाजीनं पोहत जाऊन त्याले काठावर आणलं. छाती हालत होती, मी पाहिली ह्या डोळ्यांनी. जाळं गळ्याले आवळलं होतं. नानाजीनं विळा काढला तं झिंगूभाऊनं त्याचा हात धरला.

"कापू नोको. नवीन आहे. सोडव हळूहळू."

अन् हे गावचे मर्द एकेक गाठ सोडवत बसले. माह्या नवऱ्याचीही बोटं गाठीच सोडवत होती. आग लागो त्या बोटांले.

पायलनं विळा हिसकला अन् गळ्याजवळचं जाळं कापलं. छाती तोपर्यंत थांबली होती. बाप तिले मारून राह्यला होता, तरी पायल खाली मान घालून जाळं कापतच राह्यली.