सीमेवर अडलेल्या गाडीसाठी खानदेशात पाच दिवस

जानेवारी संपता संपता खानदेशात जायचं, भरीत-भाकरी खायची आणि सातपुड्याच्या पायथ्याला दोन दिवस भटकायचं, असं मी दरवर्षी ठरवते. यंदा गेले खरी, पण भटकायला नाही. बुधवारी दुपारी लायब्ररीत असताना सुनंदाचा फोन आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी नाशिकच्या स्टँडवर धुळ्याच्या गाडीत बसले होते.

सुनंदा आणि तिचा नवरा भगवान तीन वर्षं नाशकात आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. भगवान ट्रक चालवतो. इथली नोकरी सुटल्यावर ते अमळनेरला गेले आणि त्याला दोंडाईच्याच्या एका मिरची व्यापाऱ्याकडे काम मिळालं. सुक्या मिरचीची पोती भरायची, पाच-सहा दिवसांत बंगालच्या सीमेवर पोचायचं, पलीकडे बांगलादेशात माल उतरवून परत यायचं. नेहमी पंधरा-सतरा दिवसांत परतणारा भगवान या वेळी सव्वीस दिवस सीमेवरच्या पार्किंगमध्ये उभा होता. पलीकडे काहीतरी गडबड होती, गेट बंद होतं. आणि इकडे त्याची आई, जिला सगळं गाव अक्का म्हणतं, अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. त्याचा अर्थ सुनंदाला कळला होता.

"शेठकडे जायचंय," ती म्हणाली. "बदली ड्रायव्हर पाठवा म्हणावं. मला त्यांच्यासमोर नीट बोलता येणार नाही ताई. तुम्ही बरोबर या."

नाशिक ते धुळे एसटीने चार तास धरा. बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे प्रवास स्वस्त पडतो. चांदवडचा घाट सोडला तर रस्ता सरळ आहे आणि सगळा ट्रकांचा आहे. एरवी मी खिडकीतून त्यांच्या मागची वाक्यं वाचत जाते. त्या दिवशी नंबरप्लेटा बघत होते. कुठली गाडी कुठून आली, तिचा ड्रायव्हर घरून निघून किती दिवस झाले असतील, असलं काहीतरी डोक्यात चाललं होतं.

धुळ्याच्या स्टँडवर सुनंदा उभी होती. पूर्वी गोल चेहऱ्याची होती, आता गालफडं बसलीत. बाहेरच्या खाणावळीत मी दोघींसाठी शेवभाजी मागवली. धुळ्याची शेवभाजी एकदा तरी खावी, रस्सा काळपट आणि झणझणीत असतो, घाम फुटतो. सुनंदाने अर्धी पोळी खाल्ली आणि उरलेली कागदात बांधून घेतली.

धुळ्याहून सोनगीर, चिमठाणे करत दोंडाईचाला पोचायला पावणेदोन तास लागले. गावाच्या अलीकडे मोकळ्या शेतांत मिरची वाळत घातलेली होती. या वाळवणाच्या जागेला इकडे पथारी म्हणतात. रस्त्याच्या कडेपासून लांबपर्यंत लालच लाल. फोटो काढणारे इथे थांबतात, मीही मागे एकदा थांबले होते. पण या वेळी नीट पाहिलं तर बऱ्याच पथाऱ्यांवर माणूस नव्हतं. मिरचीचे देठ खुडायला बायका असतात, त्यांची गोणपाटाची बसकरं नुसतीच पडली होती. सुनंदा म्हणाली, बाहेर जाणारा माल थांबलाय, तर खुडणाऱ्यांनाही बोलावणं नाही.

शेठ साठीचे, जैन. त्यांचे आजोबा राजस्थानातून इथे आले. मराठी आपल्यासारखीच बोलतात, मध्येच हिंदी येते. दुकानात शिरल्या शिरल्या मला ठसका लागला, त्यांनी उठून स्वतः पाणी दिलं. मी रस्ताभर जे बोलायचं जुळवून ठेवलं होतं, त्यातलं दुसरंच वाक्य चालू असताना ते म्हणाले, युनूसभाईंना आजच विचारतो. युनूसभाई त्यांचे जुने ड्रायव्हर. रेल्वेने जातील, गाडी ताब्यात घेतील, भगवान तीच रेल्वे धरून परत येईल. इतक्या सहज होकार येईल असं आम्हा दोघींनाही वाटलं नव्हतं.

मग ते बराच वेळ बोलत बसले. पलीकडचा त्यांचा व्यापारी अठरा वर्षांच्या ओळखीचा, कधी भेट झालेली नाही, एकमेकांच्या मुलाबाळांची लग्नंही फोनवरच कळली. तोही बिचारा रोज फोन करतो आणि रोज तेच सांगतो, उद्या बघू. कांदा सडतो, म्हणून गेट तासभर जरी उघडलं तरी कांद्याच्या गाड्या आधी सोडतात. मिरची सडत नाही, म्हणून तिच्यासाठी कोणाला घाई नसते. शेठ हे तक्रारीच्या सुरात बोलत नव्हते. थकलेले वाटले.

त्यांनी तिथूनच भगवानला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. मागे कुठेतरी भांडी घासल्याचा आवाज येत होता. शेठनी सगळं सांगितलं. भगवान ऐकून घेत होता, मग म्हणाला, "शेठ, माझा नंबर अकरावा लागलाय. उद्या उघडणार म्हणतात. गाडी खाली करतो आणि निघतोच."

सुनंदाने फोन हातात घेतला. अक्का सारखी विचारते, एवढंच ती म्हणाली. तो म्हणाला, "गाडी दुसऱ्याच्या हातात देऊन एकदा बघितलंय ना आपण."

मला ते ठाऊक होतं. नाशकात असताना त्याने तापात एकदा गाडी दुसऱ्या ड्रायव्हरकडे सोपवली होती. उतरवताना माल कमी भरला आणि ठपका भगवानवर आला. नोकरी गेली ती त्यातच. त्यामुळे त्याचं म्हणणं मला पटलं, आणि पटलं म्हणून मी पुढे काही बोलले नाही. मी बोलायला हवं होतं असं आज वाटतं.

दोंडाईचाहून अमळनेरला रेल्वेने जावं. सुरतेकडून भुसावळला जाणारी पॅसेंजर मिळते, दीडेक तास लागतो. शिंदखेडा, नरडाणा, बेटावद अशी स्टेशनं येतात, डब्यात भुईमुगाच्या शेंगा विकणारे चढतात. बाहेर कापूस वेचून झालेली शेतं होती, काळी आणि पऱ्हाट्या उभ्या असलेली. सुनंदा खिडकीशी बसून होती. मध्येच म्हणाली, बदली माणूस तयार आहे, शेठ तयार आहे, मग आता भांडू तरी कोणाशी.

त्यांचं गाव अमळनेरपासून रिक्षाने वीस मिनिटांवर, बोरी नदीच्या काठी. सुनंदा-भगवानने अमळनेरात दोन खोल्या भाड्याने घेतल्या आहेत, पण अक्का गाव सोडून आली नाही, म्हणून गेला महिनाभर सुनंदाच इथे राहते आहे.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, मी अक्कापाशी बसले. पत्र्याच्या घरात ओसरीवर तिची खाट होती, ऊन अंगावर येईल अशी. अंगाने वाळलेली, पण डोळे चांगले जागे. मी कोण हे सुनंदाने सांगितलं, तिने माझा हात धरून ठेवला. चहा झाला का विचारलं. मग एकदम विचारलं, "भगवान रुसना का मनावर?"

मी म्हणाले, नाही हो अक्का, तो तुमच्यावर कशाला रुसेल. आणि मी तिला सगळं समजावून सांगितलं. दोन देशांच्या मध्ये एक गेट आहे. ते बंद आहे. त्याच्या अलीकडे गाड्यांची रांग लागली आहे, भगवानची गाडी त्या रांगेत आहे, सोडून आला तर नंबर जाईल. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"मंग ते उघाडतस का नही?"

सुनंदा चुलीपाशी होती, ती तिथूनच म्हणाली, "येई राह्यना तो, अक्का." अक्काने मान हलवली. थोड्या वेळाने विचारलं, "तठे थंडी शे का?" त्याच्याकडे पांघरूण आहे का, हेही विचारलं. मी आहे म्हणाले. मला काय ठाऊक होतं.

दुपारी शेठचा फोन आला. भगवान काहीही म्हणो, त्यांनी युनूसभाईंना सकाळच्या गाडीत बसवलं होतं. शनिवारी संध्याकाळपर्यंत ते सीमेवर पोचतील. समोर माणूस उभा राहिला की भगवानला नाही म्हणता येणार नाही, असा त्यांचा हिशेब. सुनंदा पदराने तोंड झाकून रडली. त्या दिवशी ती पोटभर जेवली. शेजारच्या बाईने बामणोदच्या वांग्यांचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी पाठवली होती. अक्कालाही तिने बोटभर भरीत चाटवलं.

शनिवारी मी औषध आणायला अमळनेरला गेले. दुकानात गर्दी होती, परतायला रिक्षा भरेपर्यंत थांबावं लागलं. गावात शिरले तेव्हा घरासमोर माणसं जमलेली दिसली. सुनंदा म्हणाली, ऊन लागतंय, खाट सरकव असं अक्का म्हणाली, मी खाट सरकवली, पाणी आणायला आत गेले, बाहेर आले तर संपलेलं होतं.

भगवानला फोन लावायचं काम माझ्यावर आलं. मी सांगितलं. त्याने विचारलं, किती वाजता. मग म्हणाला, "मला थांबू नका. उन्हं उतरायच्या आत न्या."

त्याच्या चुलतभावाने अग्नी दिला. बोरीला पाणी नव्हतं, वाळूतून माणसं चालत गेली. बायकांबरोबर मी घरी थांबले. संध्याकाळी सात वाजता युनूसभाईंचा फोन आला. ते सीमेवर पोचले होते आणि भगवानने चाव्या त्यांच्या हातावर ठेवल्या होत्या.

सोमवारी मला नाशिकची गाडी जळगावहून धरायची होती आणि भगवानही दुपारी तिथेच उतरणार होता. सुनंदाला सुतकाचं घर सोडून निघता येईना, म्हणून त्याला उतरवून घेऊन अमळनेरच्या बसमध्ये बसवून द्यायचं मी कबूल केलं. अमळनेरहून जळगाव तासाभराचा रस्ता. वाटेत धरणगाव लागतं. जळगावात शिरताना केळ्यांनी भरलेल्या गाड्या दिल्लीकडे चाललेल्या दिसल्या, ताडपत्रीखालून हिरवे घड डोकावत होते.

भगवान डब्यातून उतरला. दाढी वाढलेली, पायात स्लीपर, हातात एक पिशवी. मला वाकून नमस्कार करायला लागला, मी धरलं. स्टेशनबाहेर चहा घेतला. युनूसभाईंचा फोन आला होता, तो म्हणाला. सकाळी अकरा वाजता गेट उघडलं. कांद्याच्या गाड्या होत्याच, पण या वेळी मिरचीच्याही सोडल्या. त्याची गाडी पलीकडे गेली.

"मी तेव्हा भुसावळच्या जवळ आलो होतो," तो म्हणाला.

त्याने दोन्ही कप उचलून टपरीवर ठेवले. कोणी अग्नी दिला, लाकडं कुठून आणली, सुनंदा जेवते का, एवढं त्याने विचारलं. बस लागली तेव्हा मागच्या सीटवर बसला, जिथे ड्रायव्हर लोक कधी बसत नाहीत.

घरी येऊन आता पावणेदोन महिने झाले. खानदेशात जायचं असेल तर थंडीतच जा, दोंडाईचा-अमळनेर रेल्वेने करा, भरीत खा. हे सगळं मी दरवर्षी लिहिते आणि ते खोटं नाही. पण या वेळी मी तिथून एकही फोटो आणला नाही. सीमा मी पाहिलेली नाही. माझ्यासाठी ती दोंडाईच्याच्या रिकाम्या बसकरांवर आणि बोरीकाठच्या त्या खाटेपाशी होती. गेट कोणी बंद केलं आणि का, हे मी त्यानंतर बरंच वाचलं. दोन्ही बाजूंची कारणं मला आता सांगता येतात. अक्काला सांगता आली असती असं मात्र वाटत नाही.

शेठनी भगवानला आता जवळचा रूट दिला आहे. महिन्यातून दोनदा तो नाशकात माल उतरवतो. परवा आला तेव्हा मी डबा घेऊन हायवेवर गेले. केबिनच्या पायरीवर बसून त्याने जेवण केलं, हात धुतला, डबा पुसून मला दिला. मग विचारलं, अक्का शेवटी काही बोलली का.

खोटं बोलावं असं एकदा मनात आलं. पण मी सांगितलं. तू रुसलास का म्हणून विचारत होती. मी तिला ठामपणे सांगितलं, की नाही.

तो रस्त्याकडे बघत राहिला. एक-दोन गाड्या गेल्या.

"निघताना मी तिला सांगून गेलो नव्हतो ताई," तो म्हणाला. "अमळनेरला चल म्हणून किती दिवस मागे लागलो होतो. आली नाही. रुसलोच होतो मी."

मग तो वर चढला आणि त्याने गाडी सुरू केली.