पत्र्याला विचारून

"थांबा, पत्र्याला इचारून घेतो."

ब्रश कानामागे खोचून, कोऱ्या पत्र्यासमोर एक डोळा मिटून उभे राहायचे आमचे पेंटर काका. त्यांच्या काळात तुम्ही कधी कळमनुरीच्या बाजाराला आला असाल, तर त्यांचं अक्षर तुम्ही वाचलेलं आहेच. देवळाची कमान, बुद्ध विहाराची भिंत, दर्ग्याचं दार, हळदीच्या ट्रॉलीची मागची फळी, सगळीकडे तेच. कुणी चिडवायला विचारायचं, "काका, तुमचा देव कोणता हो?" ते म्हणत, "ज्याच्या दारात शिडी लावली, त्या दिवशी त्याचा."

घाई त्यांना खपत नसे. "घाईनं अक्षर काढलं की वाचणारालाबी धाप लागती," म्हणायचे. ट्रॉलीवाले बिचारे चहावर चहा पीत बसत.

माझी त्यांची ओळख नव्वदच्या दशकातली. हे गेले तेव्हा पोरगी मांडीवर होती. मला शिवणकाम येत होतं, म्हणून बाजाराच्या रस्त्यावर एक खोली घेतली. दीर म्हणाले, पाटीवर आमच्या भावाचंच नाव पाहिजे, बाईच्या नावाचं दुकान आमच्या घरात चालणार नाही. राहायचं त्यांच्याच घरात होतं. मी मान डोलावली.

काकांनी पत्र्याला लाल रंगाचा पहिला हात दिला. "आतला हात पक्का पाह्यजे माय. वरचा रंग काय, उन्हापावसात जातच राह्यतो." तो वाळल्यावर विचारलं, "काय लिवू?"

मी यांचं नाव सांगितलं.

"मशीन कोण चालवणार?"

"मीच."

"मंग त्यांचं नाव काहून?"

मला रडूच आलं. काकांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. ब्रश कानामागे, एक डोळा बंद. "थांबा, पत्र्याला इचारून घेतो." बराच वेळ तसेच उभे. मग म्हणाले, "पत्रा म्हणून राह्यला, मशीन चालवणारीचं नाव लिव."

"भाऊजी काय म्हणतील?"

"त्यानं पत्र्याशी भांडावं."

संध्याकाळी दीर खरंच तावातावाने आले. 'सुनंदा लेडीज टेलर' हे वाचलं आणि पाटी उतरवायला सरळ हात घातला. वरचा निळा रंग ओलाच! दोन्ही पंजे निळे. बाजारचा दिवस होता, माणसं थांबून बघायला लागली. काकांनी शांतपणे रॉकेलचा बोळा पुढे केला. "वाळू द्या भाऊ. आत्ता निघायला तकलीफ हाय." दीर हात पुसत पुसत निघून गेले. घरी त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. त्या पाटीखाली बसून मी ब्लाउज शिवले आणि पोरीला शिकवलं.

पुढे फ्लेक्स आला. तासाभरात पाटी तयार, वर मालकाचा रंगीत फोटो. काकांची शिडी भिंतीला टेकली ती टेकलीच. "वाईट वाटतं का हो?" मी एकदा विचारलं.

"वाटतं की. पण हाताला काय सांगू?" त्यांनी घरच्या पाण्याच्या टाकीवर वेलबुट्टी काढायला घेतली होती.

माझ्या पाटीचा रंग उडाला, तेव्हा पोरगी म्हणाली, आई, फ्लेक्स लाव. मी काकांनाच बोलावलं. त्यांचा हात आता थरथरत होता. अख्खा दिवस लागला, पण अक्षर तसंच उतरलं. ते डबे आवरू लागले. बाकीचे पेंटर कोपऱ्यात आपलं नाव हमखास टाकायचे, काकांनी कधीच टाकलं नाही. "पाटी तुमची, माझं काय काम तिथं?" एवढंच म्हणत.

मी खडूचा तुकडा कानामागे खोचला, एक डोळा मिटला आणि पाटीसमोर उभी राहिले. "थांबा काका, पत्र्याला विचारून घेते."

ते खळखळून हसले. "काय म्हणतो?"

"कोपऱ्यात पेंटरचं नाव लिव म्हणतो."

काकांनी आवरलेला डबा पुन्हा उघडला. मग ब्रश बुडवला. मी डबा धरून उभी राहिले. नाव जरासं वाकडं आलं, आणि ते पुसायला निघाले, तर मी पुसू दिलं नाही.

काका जाऊन बरीच वर्षं झाली. रोज शटर वर करताना त्या कोपऱ्याला हात लावते आणि मगच मशीनवर बसते. माझं नाव मला त्या माणसाने दिलं. त्यांचं नाव मात्र मी इथे सांगणार नाही. कळमनुरीला या, मान वर करा आणि वाचा.