यादीत नसलेली जागा

नकाशा कचेरीत त्यांना सगळे रेघकाका म्हणत. तीस वर्षं हाताने नकाशे काढले. रेघ अशी, की पट्टीने शिकवणी लावावी. बोलणं मात्र सगळं आडवळणाचं. निवृत्तीला वर्ष उरलं आणि कचेरीने त्यांना संगणकापुढे बसवलं. आता नकाशा काढायचा नाही, लिहायचा. प्रत्येक जागेच्या अक्षांश-रेखांशाच्या आकड्यांना मागेपुढे टॅग लावायचा: ही विहीर, हा पूल, ही शाळा.

"म्हणजे बरण्यांना चिठ्ठ्या," काका म्हणाले. "कुणी चहात मीठ घालायला नको."

"अगदी तसंच," नव्या मॅडम हसल्या. काकांची मुलगी जगली असती तर एवढीच असती. "पण चिठ्ठ्या ठरलेल्या यादीतल्याच हं. यादीत नसेल त्याला 'इतर' लावा. रस्तेवाल्यांचं यंत्र अनोळखी टॅग सरळ वगळतं."

फाईल नव्या रस्त्यासाठी होती. तिच्यात जे दिसेल, ते वाचवून रस्ता जाणार होता.

नदीच्या वळणावर एक चिमुकली जागा होती. जन्मून दोन-चार दिवसांत गेलेली बाळं तिथे पुरत. ना दगड, ना पाटी. काकांची मुलगी तिथेच होती. काकू अजून महिन्यातून एकदा तिथे जाऊन बसत.

काकांनी 'इतर' लिहिलं. हात थांबला. कालच त्यांनी कचऱ्याच्या ढिगाला आणि मोडक्या टपरीला 'इतर' लावलं होतं. त्यांनी ते खोडलं आणि लिहिलं, 'लेकरांची जागा'. टॅग आपणहून सांगतोय मी कोण ते. वाचणाऱ्याला काय डोळे नसतील?

नव्हते; वाचणारं यंत्र होतं. फाईल मात्र विनातक्रार गेली.

चार महिन्यांनी काकू चिखलाच्या पायांनी घरात आल्या. "अहो, तिथे खडी टाकलीय. रोलर फिरतोय."

काका धावतच गेले. मुकादमाने नकाशा पसरला. "बघा की काका, मोकळं मैदान आहे."

कचेरीत मॅडमनी फाईल उघडली. टॅग जागच्या जागी होता, सुरुवातीलाही आणि शेवटीही, एका अक्षराची चूक नाही.

"काका, 'इतर' लिहिलं असतंत तर…"

"तर दिसली असती?"

"एक ठिपका आला असता. ठिपका दिसला की ते विचारायला येतात."

घरी काकू उंबऱ्यात बसून होत्या. पाय अजून धुतले नव्हते.

"तुम्ही लिहिली होतीत ना जागा?"

"लिहिली होती. पण 'इतर' लिहायला हवं होतं. मला लिहवेना."

काकूंनी पायावरचा वाळलेला चिखल नखाने खरवडला.

"मलाही लिहवलं नसतं," त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन त्यांनी दार लोटून घेतलं.