परिशिष्ट तीन

संबंधित व्यक्तीचे वर्णन : स्त्री. वय सत्तावन्न. उंची बेताची, चष्मा जाड. हुद्दा : सहायक संपादक (हंगामी). हंगामाचा कालावधी : एकतीस वर्षे. वर्तन समाधानकारक, मत विचारलेले नसता ते देण्याची सवय आढळते.

ही सवय जुनीच. बाई (कार्यालयात त्यांना बाईच म्हणत, दुसरी बाई नसल्याने घोटाळा होत नसे) साहित्य मंडळात मुद्रितं तपासायला लागल्या, तेव्हा सव्विशीच्या होत्या. पहिल्याच वर्षी त्यांनी मंडळाच्या मासिकात एका गाजत्या कादंबरीचं परीक्षण लिहिलं. ‘नायिका तीनशे पानांत एकेचाळीस वेळा रडते आणि एकदाही जेवत नाही. तिच्या प्रकृतीची काळजी वाटते.’ खाली पृष्ठक्रमांक दिले होते. कादंबरीकारांनी ते पडताळून पाहिले. बरोबर निघाले, त्यामुळे राग जास्तच आला. पुढे तेच मंडळाचे अध्यक्ष झाले आणि बाईंना कायम करण्याचा कागद त्यांच्या टेबलावर दबून राहिला.

मंडळाने वाङ्मयाचा मोठा इतिहास काढायला घेतला. बाई त्याआधीच चार वर्षं सुट्टीच्या दिवशी लोकांची दारं ठोठावत होत्या. जुन्या मासिकांत ‘एक गृहिणी’, ‘एक भगिनी’ अशा सह्यांनी लिहून गेलेल्या बायका त्यांना हव्या होत्या. एका घरी सुनेनं दार उघडलं.

“आमच्या सासूबाई? त्या कसल्या लिहितायत. किराण्याची यादी लिहितात फार तर.”

आतल्या खोलीतून आवाज आला, “यादीची मागची बाजू बघ म्हणावं.”

सासूबाई अठ्ठ्याऐंशीच्या होत्या; बाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. नावाजलेल्या निबंधकाराच्या पत्नी. ‘एक गृहिणी’ या सहीने त्यांच्या अकरा कथा छापून आल्या होत्या, आणि सुनेला हे लग्नानंतर तीस वर्षांनी त्या दिवशी कळलं. बाईंनी सगळ्या कथा तिथेच बसून वाचल्या. मग म्हणाल्या, “मावशी, तिसरीचा शेवट घाईत उरकलाय.”

“दूध उतू जात होतं.”

बाईंनी ते टिपून घेतलं. त्या प्रत्येकीला कथा कधी आणि कुठे बसून लिहिली, हे विचारतच.

बाई निघताना मावशींनी त्यांचं मनगट धरलं. “माझ्याबद्दल लिहिशील ते आटपशीर लिहू नकोस हो. हे गेले तेव्हा पेपरात दोन रकाने आले. मला त्यात दोन शब्द. ‘मागे पत्नी.’ तेवढ्यावर पुन्हा बोळवण नको.”

“नाही होणार,” बाई म्हणाल्या. हंगामी माणसाने असा शब्द द्यायचा नसतो.

पुढच्याच बैठकीत तो अडचणीत आला. बाईंनी स्त्रियांच्या लेखनावर प्रकरण मागितलं. अध्यक्ष म्हणाले, “बाई, दूध उतू गेलं हे वाङ्मयाच्या इतिहासात घालायचं? परिशिष्टात टाका. परिशिष्ट तीन.”

“परिशिष्टही तज्ज्ञ तपासतील ना, सर? प्रकरणं तिघे तिघे तपासणार आहेत.”

“छे हो. परिशिष्टं कोण वाचतं? थेट छापखान्यात पाठवा.”

इतिवृत्त लिहिण्याचं काम अर्थातच बाईंकडे होतं. हे वाक्य त्यांनी शब्दशः नोंदवलं, पुढच्या बैठकीत वाचून दाखवलं आणि त्यावर अध्यक्षांची सही घेतली.

मग दोन वर्षं प्रकरणं तज्ज्ञांकडे फिरत राहिली. पहिल्याने दुसऱ्याचा मित्र वगळला, दुसऱ्याने पहिल्याचा गुरू, आणि तिसऱ्याने वाद नको म्हणून दोघांचेही उरलेसुरले. ग्रंथ बारीक होत गेला. परिशिष्टाला कोणी हात लावला नाही. बाई लिहीत राहिल्या. कौतुक बेताचंच केलं. जिचं लेखन कच्चं होतं तिला कच्चं म्हटलं, फक्त त्या वेळी चूल पेटती होती की नाही तेही सांगितलं.

शेवटी छापखान्याच्या बांधणीवाल्याचा निरोप आला : एवढं जाड एकत्र शिवता येणार नाही, दोन खंड करा. अध्यक्षांनी दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवून पाहिले.

“बाई, परिशिष्ट ग्रंथापेक्षा जाड?”

“ग्रंथ बारीक झालाय, सर. त्याला वाचणारे होते.”

अध्यक्षांनी इतिवृत्त मागवलं. आपली सही बराच वेळ पाहिली. ती त्यांचीच होती. मग ‘दोन खंड करावेत’ असा शेरा मारला.

दुसरा खंड घेऊन बाई स्वतः गेल्या. मावशींना आता दिसत नव्हतं. सून वाचायला बसली होती.

“माझी पानं किती?”

“चोवीस,” सून म्हणाली. तिनं दोनदा मोजली होती.

“यांचं काय लिहिलंय त्यात?”

सुनेनं शोधलं. “‘पती निबंधकार.’”

“दोनच शब्द?” मावशींनी बोटांवर मोजले. “पुरेत. आणि दुधाचं?”

“आहे. पूर्ण आहे.”

“मग आता सावकाश वाच. पहिल्यापासून.”

सून वाचू लागली. मधे स्वयंपाकघरात काहीतरी करपल्याचा वास आला. ती उठली नाही.

निवृत्तीच्या दिवशी मंडळाने बाईंना प्रमाणपत्र दिलं : ‘सदर कर्मचाऱ्याने वाङ्मयेतिहासाच्या पूरक कामात किरकोळ साहाय्य केले.’ मंडळाच्या ग्रंथालयातलं परिशिष्ट हाताळून हाताळून आतापर्यंत तीनदा नव्याने बांधावं लागलं आहे. मुख्य ग्रंथ एकदाच बाहेर गेला. तो बाईंनी नेला होता, चुका काढायला.